कोकणात खासगी तळ्यावर गळाने 10 किलोचा कटला मासा मिळेल का? त्यासाठी कसली तयारी करावी?

मिळेल. पण इंग्लंडमधले व्हिडिओ बघून तुम्ही सामानाची जी यादी दिली आहे (तीन रॉडचा स्टँड, मासा लागला की बीप वाजवणारे अलार्म, डब्यातल्या तयार बॉयली, म्हणजे आमिषाचे उकडलेले गोळे), ती जशीच्या तशी घेऊन तळ्यावर बसलात तर मृगळ मिळेल, सायप्रिनस मिळेल, एखादा रोहूही मिळेल. कटला मात्र तुमच्या आमिषाच्या डोक्यावरून निघून जाईल आणि अलार्म काही वाजणार नाही.

मी सिंधुदुर्गातला. आठ-नऊ वर्षं ओळखीच्या एका घरच्या तळ्यावर गरवतो. अँगलिंग वगैरे शब्द मुंबईत गेल्यावर कळले, आमच्याकडे हे गरवणंच. तळं म्हणजे मूळची चिरेखाण. जांभा काढून संपला, पावसाने खाण भरली, मालकांनी त्यात माशांचं बी, म्हणजे पिल्लं, सोडलं. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. पहिल्या दिवशी मी ऐटीत पेटी उघडून रॉड जोडत होतो आणि भाऊ चहाचा कप घेऊन बाजूला उभे. सगळं बघून झाल्यावर म्हणाले, "ह्या सगळा ठीक आसा. पण माशाचा तोंड खंय उघडता ता बघलंस?"

माझं सगळं उत्तर या एका वाक्यात आहे, बाकी तपशील.

बाजारात गेलात तर एकदा कटला, रोहू आणि मृगळ शेजारी ठेवून बघा. कटल्याचं डोकं अंगाच्या मानाने भलतंच मोठं, आणि खालचा जबडा पुढे येऊन तोंड वर उघडलेलं. मिशा नाहीत. हा वरच्या थरात फिरतो आणि पाण्यातले बारीक जीव कल्ल्यांतल्या चाळणीने गाळून खातो. रोहूच्या ओठांना झालर असते, तो मधल्या थरातला. मृगळाचं तोंड खाली वळलेलं, तो तळाशी चरतो. सायप्रिनस, म्हणजे इंग्लंडवाले ज्याच्यामागे रात्र-रात्र तंबू ठोकून बसतात तो कॉमन कार्प, त्याचं तोंड नळीसारखं पुढे येतं, कडेला मिशांच्या दोन जोड्या, आणि तो गाळ उकरत हिंडतो.

म्हणजे त्यांची सगळी विद्या तळ उकरणाऱ्या माशासाठी बनलेली आहे. तिला कमी लेखायचं कारण नाही. रिचर्ड वॉकर या इंग्लंडच्या गरवणाऱ्याने 1952 साली रेडमायर पूल नावाच्या छोट्याशा तळ्यात 44 पौंडांचा, म्हणजे साधारण 20 किलोचा कार्प काढला. तो मासा लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पुढे कित्येक वर्षं जिवंत होता. तिथून या छंदाचं वेडच पसरलं. पुढे 1980 च्या सुमारास हेअर रिग, म्हणजे गळ आणि आमिषाची नवी जोडणी, आली. कार्प खाणं तोंडात ओढतो, चाचपतो, शंका आली की फुंकून टाकतो. म्हणून आमिष गळात खुपसायचंच नाही. गळाच्या दांड्याला बारीक दोरा सोडून त्यावर आमिष ओवायचं, गळ उघडाच. मासा फुंकून टाकायला जातो आणि मोकळा गळ खालच्या ओठात बसतो. त्यात 70-80 ग्रॅमचं शिसं असेल तर घाबरून पळताना त्या वजनानेच गळ रुततो, झटका मारायचीही गरज नाही. मृगळ आणि सायप्रिनससाठी ही रिग आमच्या खाणीतही झकास चालते. दोऱ्यावर मी उकडलेले हरभरे ओवतो, तीन दाणे. कडधान्य भिजवून पूर्ण शिजवलेलंच वापरा, कोरडं टाकलंत तर माशाच्या पोटात जाऊन फुगतं.

बॉयली विकत घेऊ नका. बेसन, रवा, जवळ्याची पूड, अंडं. लाडवासारखं वळायचं, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग फडक्यावर वाळवायचं. मऊ गोळा ठेवलात तर बारकी पिल्लं आणि कुर्ल्या दहा मिनिटांत साफ करतात, उकडलेला टिकतो. जवळ्याच्या वासाला सायप्रिनस येतो, आणि भाऊंची मांजरंही येतात.

आता कटला. त्याला खालून वर बघायची सवय, म्हणून आमिष त्याच्या पातळीवर टांगायला हवं. मी मोरपिसाच्या दांडीचा, पाण्यावर तरंगणारा फ्लोट वापरतो आणि खाली तीन-चार फुटांवर दोन छोटे गळ. त्यांच्याभोवती लिंबाएवढा गोळा: भाजलेला तांदळाचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड, आणि चिकटपणापुरता पाव. खरी कसरत मळण्यात आहे. घट्ट झाला तर गोळा दगडासारखा लटकून राहतो, सैल झाला तर फेकतानाच सुटतो. मी काठावर पाण्यात हातभर खोल धरून बघतो. दोन-तीन मिनिटांत कडेने कोंडा सुटायला लागला आणि खाली धुरासारखा पट्टा उतरला की जमलं. कटला तो धूर गाळत गाळत वर येतो आणि त्या भरात गळही आत ओढतो. फ्लोट बुडेलच असं नाही. कधी थरथरतो, कधी चक्क वर उचलला जाऊन आडवा पडतो. आडवा पडला की ओढायचं.

पण त्याआधी, त्या तळ्यात 10 किलोचा कटला आहे का?

हे विचारायला लोक लाजतात. इंग्लंडमध्ये तळ्यातल्या मोठ्या माशांना नावं असतात, आपल्याकडे मालकाची वही असते. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालणारे. साचलेल्या तळ्यात ते वाढतात, पण वीण होत नाही. 1957 साली हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण घडवली, तेव्हापासून हॅचरीचं, म्हणजे मत्स्यबीज केंद्रातलं बी मिळायला लागलं. 10 जुलैचा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन त्याचीच आठवण. तुमच्या कामाचा भाग एवढाच की तळ्यातला प्रत्येक कटला कोणीतरी पिशवीतून आणून सोडलेला आहे. किती सोडले, कधी सोडले, जाळं शेवटचं कधी मारलं, हे विचारा. सायप्रिनसचं तसं नाही, तो तळ्यातच वितो आणि बघता बघता पाव-पाव किलोची गर्दी करून ठेवतो.

नेहमीच्या मत्स्यशेतीत हेक्टरी 5,000 ते 10,000 बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं सोडतात आणि वर्षभरात किलोच्या आसपास झाले की काढून विकतात. अशा शेततळ्यावर कितीही महागडा रॉड नेलात तरी किलोचाच मासा येणार. मोठा हवा तर कमी मासे, पुष्कळ वर्षं आणि जाळं न मारणारा मालक, अशी तिन्ही जुळून यावी लागतात. भाऊंकडे ती जुळली कारण पहिल्या तीन वर्षांनंतर त्यांना जाळं मारायचाच कंटाळा आला. शिवाय गिऱ्हाईक नाही. आमच्या गावात समुद्राची मासळी दारात येते, तिथे कटला फुकट दिला तरी लोक नाक मुरडतात.

दुसरी परीक्षा पाण्याची. काठावर बसून हात कोपरापर्यंत बुडवा. तळहात जेमतेम दिसेनासा झाला आणि पाणी हिरवट असेल तर कटल्याला खायला भरपूर आहे. बोटांची नखंही स्पष्ट दिसली तर पाणी दिसायला सुंदर, मासे मात्र मोठ्या डोक्याचे आणि सपाट पोटाचे. जांभ्याच्या खाणीत हे नेहमी होतं, माती आम्लधर्मी, पाणी उपाशी. भाऊ दरवर्षी चुना टाकतात आणि मग बेताने शेणखत. तेही पाण्याचा रंग बघून. जास्त झालं तर काय होतं ते पुढे सांगतो.

माझा पहिला दहाच्या वरचा कटला डिसेंबरात आला, सकाळी साडेनऊला, ऊन पाण्यावर पोचल्यावर. खाणीची भिंत चिरे काढल्यामुळे पायऱ्यांसारखी कापलेली असते आणि मासे त्या भिंतीला धरून फेऱ्या मारतात. मी मध्ये न फेकता भिंतीपासून दोन हातांवर फ्लोट ठेवला होता. तो आडवा पडला. ओढलं तर वाटलं बुडालेल्या फांदीत अडकलं. मग फांदी चालायला लागली. रोहू पळतो तसा कटला पळत नाही, तो नुसता जड होतो, थांबतो, डोकं झाडतो, पुन्हा निघतो. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, सैल ठेवला होता म्हणून निभावलं. उभ्या भिंतीवर माशाला हाताने उचलता येत नाही, लांब दांड्याचं हातजाळं लागतं. तेवढं एक सामान महागातलं घ्या. ओल्या पिशवीचं वजन वजा जाऊन 10 किलो 400 ग्रॅम भरला. भाऊंच्या आईने खिडकीतून विचारलं, केवढो गावलो? सोडला म्हटल्यावर म्हणाली, "धरलंस आणि सोडलंस? मगे गरवलंस कित्याक?" तिला द्यायला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

आता पुढची गोष्ट, सांगताना लाज वाटते. त्यानंतरच्या मे महिन्यात मी पहाटे तळ्यावर गेलो. रात्रभर ढग, वारा नाही, अंगाला चिकटणारी उमस. बॅटरी मारली तर पाण्यावर तोंडंच तोंडं. मला आनंद झाला. तोंडं वर म्हणजे कटले वर चरतायत! गोळा टाकला, पाच मिनिटांत फ्लोट आडवा. विशेष झुंज नाही. फोटो हवे म्हणून जांभ्यावर ठेवला, एक असा, एक तसा, मोबाईलची मेमरी भरलेली, ती रिकामी केली. सोडला तेव्हा तो कलून हळूहळू खाली गेला. दुपारी पांढरं पोट वर करून भिंतीला लागलेला होता, एका कुशीवरचे खवले जांभ्याने खरवडलेले.

ते चरत नव्हते, श्वास घेत होते. शेणखत जास्त झालं की पाण्यात शेवाळ माजतं. अशा हिरव्या पाण्यात दिवसा शेवाळ प्राणवायू तयार करतं आणि रात्री तेच खर्च करतं, त्यामुळे तो सगळ्यात कमी असतो पहाटे. गरम पाण्यात मुळात मावतोही कमी. ढगाळ दिवसानंतरची मेची पहाट म्हणजे माशांचा जीव आधीच कंठाशी. फरक ओळखायचा असा: चरणारा कटला वर येतो, भोवरा उठवतो, जातो, आणि टाळी वाजवली की बुडतो. गुदमरलेले मासे टाळीने दबकतात आणि लगेच तिथेच परत येतात, आणि त्यांत मृगळही असतो. तळाशी चरणारं तोंड वर दिसलं की रॉड आवरा आणि मालकाला उठवा. त्या दिवशी भाऊंनी मला एक शब्द बोलला नाही. मोटर लावून पाणी भिंतीवरून फवाऱ्यासारखं आपटत राहिले, ऊन येईपर्यंत.

तेव्हापासून मी मे महिन्यात गरवत नाही. जून-जुलैत समुद्रात यांत्रिक बोटींना बंदी असते, खासगी तळ्याचा त्याच्याशी संबंध नाही, पण भाऊ तेव्हा तळं बंदच ठेवतात. पाणी लाल होतं, सांडव्यावर जाळी लावलेली असते आणि ती सारखी साफ करावी लागते, नाहीतर कटले वहाळात. नोव्हेंबर ते मार्च उत्तम. धरणाच्या किंवा सरकारी तलावावर जायचं असेल तर तो बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो, त्यांची परवानगी आधी घ्या.

सामान: मध्यम ताकदीचे दोन रॉड पुरे, 0.35 मिलिमीटरचा दोरा, 6 नंबरचे गळ, टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकलेले. ओली करून अंथरायला जाड फोमची गादी. हात ओले केल्याशिवाय माशाला लावायचे नाहीत. फोटो काढायचाच तर मासा पाण्याबाहेर असताना श्वास रोखून धरा. तुम्हाला सोडावा लागला की मासाही सोडा.

रात्री बसणार असाल तर बॅटरी आणि घोट्याच्या वर येणारे बूट. जांभ्याच्या कपारीत फुरसं असतं, आणि ते दगडासारखंच दिसतं.