बोटीच्या ट्रेलरचा पुढचा जॅक वाकला, नवा कोणता घ्यावा?

आधी ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर पडणारं वजन मोजा. चाकांना दगड लावा, दांडी सपाट ठेवा आणि कपलरखाली (दांडीचं टोक, जे गाडीच्या हुकावर बसतं) ठोकळा देऊन वजनकाटा सरकवा. बोटीसकट ट्रेलर ९०० किलोचा असेल तर पुढे साधारण ६० ते ९० किलो भरतात. तरी जॅक ४५० किलो पेलणाराच घ्या. तो उभ्या वजनाने क्वचितच वाकतो, चाक रुतलेलं असताना ट्रेलर आडवा ढकलला की वाकतो. हतनूर धरणाच्या काठावर काळी माती असेल तर बारीक चाक रुतणारच, तिथे रुंद चाक किंवा सपाट पाय बरा.

दांडीची रुंदी-उंची मोजून यू-बोल्टवाला, आडवा फिरणारा जॅक मागा. गॅल्व्हनाइज्ड दांडीला वेल्डिंग नको, जस्त जळून तिथूनच गंज धरतो.