एंडोव्हॅस्क्युलर शिकू की स्पाइन?

प्रश्न : एम.सीएच. न्यूरोसर्जरीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एंडोव्हॅस्क्युलरची, म्हणजे रक्तवाहिनीतून नळी घालून मेंदूवर करायच्या उपचारांची, फेलोशिप करायचं मनात आहे, पण परत सांगलीलाच यायचंय. काम आणि पैसा, दोन्ही जमेल का?
– एक निवासी डॉक्टर

उत्तर : जमेल, पण ते तुमच्या हातावर कमी आणि हॉस्पिटलच्या कॅथलॅबवर, म्हणजे हे उपचार जिथे होतात त्या एक्स-रे यंत्राच्या खोलीवर, जास्त ठरेल. 2015च्या चाचण्यांनंतर मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी ओढून काढणं हा स्ट्रोकचा मान्य उपचार झाला. स्ट्रोकनंतरचे पहिले 6 तास, आणि 2018पासून स्कॅन पाहून निवडलेल्या रुग्णांत 24 तासांपर्यंत. म्हणजे फोन रात्री दोनलाही वाजणार. एकट्याने ही ड्यूटी वर्षभर ओढता येत नाही. जोडीला किमान एक जण हवाच. शिवाय हेच काम रेडिओलॉजिस्ट आणि न्यूरोलॉजिस्टही शिकून येतात. कॅथलॅब आधीच कुणाच्या हातात आहे, हे हॉस्पिटलच्या करारावर सही करण्यापूर्वी विचारा.

पैशाचं गणित इथेच फसतं. बिल लाखांत असतं, म्हणून आपला वाटाही तसाच असेल असं वाटतं. पण त्यातला मोठा भाग कॉइल (फुगा बुजवायची तार), स्टेंट रिट्रीव्हर (गुठळी ओढायची जाळी), मायक्रोकॅथेटर (बारीक नळी) यांचा. तुमची टक्केवारी लागते ती फक्त प्रोफेशनल फीवर. त्यातून 10 टक्के टीडीएस आधीच कापला जातो. एम.जी., म्हणजे मिनिमम गॅरंटी, किती यापेक्षा ती किती महिने आणि नंतर काय, हे कागदावर घ्या. जनआरोग्य योजनेच्या रुग्णांची फी हॉस्पिटलला पैसे आल्यावर मिळणार की केस झाल्याबरोबर? हे कलम बहुतेक जण वाचतच नाहीत आणि वर्षअखेरीस थकबाकी मोजत बसतात.

तुलनेला सरकारी आकडा घ्या. एम्सच्या असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन 1,01,500 रुपयांपासून. त्यावर 20 टक्के एनपीए (खासगी प्रॅक्टिस न करण्याचा भत्ता), म्हणजे 20,300, शिवाय महागाई आणि घरभाडे भत्ता. खासगी प्रॅक्टिस मात्र बंद.

फेलोशिप निवडताना नावावर जाऊ नका. मागच्या फेलोची लॉगबुक पाहायला मागा : स्वतः पहिला ऑपरेटर म्हणून डी.एस.ए. (मेंदूच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी) किती, कॉइलिंग किती. नुसतं शेजारी उभं राहून वायर पकडली, त्याला अनुभव म्हणत नाहीत. टीएलडी बॅज (अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला) लेड ॲप्रनच्या आत, छातीवर लावा. तो ड्रॉवरमध्ये पडून राहिला तर डोस कळणार कसा? मर्यादा आहे पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात 30.

सांगलीपुरतं स्पष्ट सांगायचं तर फेलोशिप जरूर करा, पण हेड इंज्युरी आणि मणक्याची कामं सोडू नका. स्पाइनमध्ये ऑर्थोवाल्यांशी स्पर्धा आहे, तरी रुग्ण रोज येतात आणि त्यासाठी कॅथलॅब लागत नाही. पहिली दोन वर्षं घर त्यावरच चालेल.

प्रश्न : मुलगी एम.बी.बी.एस.ला आहे. न्यूरोसर्जन व्हायला एकूण किती वर्षं?
– एक पालक, लातूर

उत्तर : एम.बी.बी.एस. साडेपाच, एम.एस. 3, एम.सीएच. 3 : साडेअकरा. बंधपत्राची सेवा आणि नीट-एसएसची (एम.सीएच.ची प्रवेश परीक्षा) तयारी त्यात धरलेली नाही. एम.बी.बी.एस.नंतर थेट 6 वर्षांचं डीआरएनबीही (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची सुपरस्पेशालिटी पदवी) आहे. वर्षं तेवढीच, पण मधली नीट-एसएस टळते. धोका एकच : मध्येच सोडलं तर हातात एम.एस.ही नसतं.