शिवलेल्या जुन्या मराठी पुस्तकांचा मजकूर काढायचा आहे, स्कॅनर आणि ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर देणारे सॉफ्टवेअर) कोणते घ्यावे?

पुस्तक उसवायचे नसेल तर सीसीडी सेन्सरचा फ्लॅटबेड (सपाट काचेचा स्कॅनर) घ्या, त्याला काचेपासून थोडा उचललेला कागदही स्पष्ट दिसतो, आणि ओसीआरसाठी टेसरॅक्ट वापरा. ते मोफत आहे, मराठीचे मॉडेलही मिळते. स्वस्त, चपट्या स्कॅनरमध्ये बहुधा सीआयएस हा दुसऱ्या प्रकारचा सेन्सर असतो. काचेपासून जरासा उचललेला कागदही त्याला धूसर दिसतो, म्हणून शिवणीजवळची अक्षरे हमखास जातात. ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके), ग्रेस्केल (रंगांऐवजी करड्या छटा) पुरे. टाइप बारीक असेल तर ४००. ‘डाग काढा’ हा पर्याय मात्र बंदच ठेवा, तो अनुस्वारही डाग समजून पुसतो. (आणि मग ‘अंत’चा ‘अत’ होतो.) पाठ कडक असून पुस्तक सपाट उघडतच नसेल, तर वरून फोटो घेणारा स्कॅनर लागेल. ओसीआरमध्ये घ-ध, भ-म यांची गल्लत तरीही होते. मुद्रितशोधन टळत नाही.