अनारसे डब्यातून काढून ठेव

नाशिक,
किंक्रांत

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईचा फोन येऊन गेला. तू द्राक्षं तपासायला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात निघालीस हे त्यांच्या गळी अजून पुरतं उतरलेलं नाही, पण डब्यांची यादी मात्र तयार आहे. अनारसे, घरचं तूप, पेढे, वाटणासाठी सुक्या खोबऱ्याच्या दोन वाट्या, कैरीचं लोणचं, आणि वर "तिकडच्या साहेबांना चाखायला" आपल्याच बागेतली चार घड द्राक्षं. मी "बरं बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. त्यांना फोनवर हे समजावणं माझ्या आवाक्यातलं नाही, म्हणून तुला लिहितोय.

आधी अनारसे. तुझं तिकीट दुबईमार्गे आहे. अनारशाला खसखस लागते आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, अफूच्या बोंडातली म्हणून. तिथं ती मसाल्यात मोडत नाही, अमली पदार्थांच्या कायद्यात मोडते. आपण फक्त विमान बदलणार, बाहेर कुठं पडणार, असला हिशोब करू नकोस. खसखस घातलेला मसालाही नको. खोबऱ्याच्या वाट्याही घरीच. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं असतं की ते साठ्यात आपोआप तापू शकतं, म्हणून विमान वाहतुकीत त्याची गणती धोकादायक मालात होते. मुंबईत बॅग उघडायला लावतात ती पुष्कळदा ह्याच वाट्यांपायी.

तूप आणि पेढे दुबईतून सुटतील, पण युरोपात अडकतील. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, घरच्या तुपाची बरणी असली तरी. आणि द्राक्षं! गंमत बघ, वर्षाला कंटेनरच्या कंटेनर आपण त्याच बंदरात उतरवतो, पण तुझ्या पिशवीतले चार घड तिथं चालत नाहीत. कंटेनरसोबत फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचा दाखला असतो, तुझ्या पिशवीसोबत नसतो. डिसेंबर 2019 पासून सर्टिफिकेटशिवाय नेता येतात अशी फळं पाचच: अननस, नारळ, ड्युरियन, केळी, खजूर. तुमच्या घरी माळ आहे, महिन्याच्या दोन एकादश्या तू तिथंही धरणार हे मला ठाऊक आहे. केळी आणि खजूर त्या पाचांत आहेत, ही विठ्ठलाची कृपाच समज.

मग न्यायचं काय? तिळगूळ ने, नुकताच झालाय, तीळ-गूळ-दाण्याला कुणाची हरकत नाही. भाजणी ने. शेंगदाण्याची चटणी ने, आणि मेतकूट तर नेच. तुला खोलीत छोटं स्वयंपाकघर मिळणार आहे, थकून आल्यावर गरम भातावर मेतकूट आणि मीठ, दहा मिनिटांचं काम. लोणचं न्यायचंच असेल तर दोन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत. हातातल्या बॅगेत ठेवलंस तर 100 मिलीच्या नियमात सापडेल आणि सुरक्षा तपासणीच्या टोपलीत जाईल. ह्याच्या वर एक डबा नको. महिनाभराचं नाशिक बॅगेत भरून नेणारे लोक मी पाहिलेत. त्यांचं तिथलं खाणं म्हणजे डबा संपेपर्यंत घर आणि संपल्यावर उपास.

आता निघायच्या दिवसाचं. निरोपाची मिसळ खायची नाही. हसू नकोस, पहिल्या परदेशवारीत मी तेच केलं होतं. मित्र घ्यायला आले, "परत कधी मिळायची," म्हणून तर्री दोनदा मागवली, दोन पाव जास्तीचे. संध्याकाळी घाट उतरून मुंबई, मध्यरात्रीनंतर विमान. वर गेल्यावर तासाभरात पोट असं तटतटलं की पट्टा सैल करूनही बसवेना. शेजारी एक वयस्कर पारशी बाई होत्या, त्यांनी आपणहून ओव्याची पुडी काढून दिली. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

चूक मिसळीची नव्हती, वेळेची होती. विमानाच्या आत जमिनीवरचा दाब नसतो. सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा असतो. आपली कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे साडेपाच हजार फुटांच्या आत. तू कळसूबाईच्याही वर तासन्‌तास पाय दुमडून बसलेली असतेस. दाब उतरला की वायू फुगतो, आठ हजार फुटांना जवळजवळ एकतृतीयांशाने. चिवड्याचं पाकीट सोबत ने आणि मध्येच बघ, उशीसारखं टम्म झालेलं असतं. मटकी-वाटाणा खाल्लेल्या पोटाचंही तेच होतं. त्यामुळं निघायच्या दिवशी उसळ, राजमा, कोबी, फसफसणारी पेयं बंद. दुपारी नेहमीचं जेवण कर, संध्याकाळी मुगाची खिचडी. कसाऱ्याला गाडी थांबली तर वडापाव बाकीचे खातील, तू चहा पी.

विमानतळावर काही क्रेडिट कार्डांवर दोन रुपयांत लाउंज मिळतं, त्याचीही एक गोष्ट आहे. दोन रुपयांत मिळतंय म्हणून लोक रात्री एक वाजता छोले, पास्ता, गुलाबजाम एका ताटात घेतात. त्या वेळी घरी कोणी गुलाबजाम दिला असता तर "झोपायचं सोडून हे काय" म्हणाले असते. तू तिथं बस, फोन चार्ज कर, पाण्याची बाटली भरून घे.

जेवणाचं बुकिंग आजच कर. विमानात चढल्यावर "व्हेज आहे का" विचारून भागत नाही. विशेष जेवण किमान चोवीस तास आधी, काही कंपन्यांत त्याहूनही आधी नोंदवावं लागतं. त्यात एक सापळा आहे. "हिंदू मील" म्हणजे शाकाहारी नव्हे. त्यात गाय आणि डुक्कर नसतं, कोंबडी-मासे असू शकतात. तुला हवं ते "एशियन व्हेजिटेरियन", तिकिटावर एव्हीएमएल असं लिहून येईल. कांदा-लसूणही नको असेल तर जैन, व्हीजेएमएल. दोन्ही विमानांसाठी वेगवेगळं नोंदवलंय ना, तेही बघून घे. एकात मिळतं आणि दुसऱ्यात नाही, हे माझ्या बाबतीत दोनदा झालंय.

आणि ते जेवण बेचव लागलं तर स्वयंपाक्याला शिव्या घालू नकोस. ते जमिनीवर शिजवून, झटक्यात थंड करून, वर नेऊन पुन्हा तापवलेलं असतं. त्यात आपली जीभही वर बोथट होते. हवा कमालीची कोरडी असते, नाक सुकतं, इंजिनाची घरघर कानात असते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने कमी दाबाच्या विमानाच्या सांगाड्यात माणसांना बसवून जेवू घालून पाहिलं, तर मीठ आणि साखर दोन्ही कमी जाणवली. टोमॅटोचा रस मात्र वर जास्त आवडतो. म्हणून तुला वाटेल मीठ कमी आहे, आणि तू पुडी फोडून वर टाकशील. नको टाकूस. खाल्लेलं मीठ कमी होत नाही, फक्त जाणवतं कमी, आणि उतरल्यावर पाय बुटात मावत नाहीत. चहाचीही आशा धरू नकोस. त्या दाबाला पाणी 92-93 अंशांनाच उकळतं, आपल्या चहाला ते पुरत नाही. पाणी पी, थोडं थोडं. वाईन फुकट असते म्हणून शेजारचा तीन ग्लास घेईल. तू माळकऱ्याची मुलगी, तुला ते सांगायला नको.

पहाटे साडेचारच्या विमानात तासाभरात ट्रे पुढं येईल. ती काही तुझी जेवायची वेळ नव्हे. नको म्हण आणि झोप. दुबईहून पुढचं विमान सकाळचं, त्यातलं जेवण नीट जेव. ॲम्स्टरडॅमला उतरशील तेव्हा तिथं दुपारचा एक, आपल्याकडचे साडेपाच. त्या दिवशी काही झालं तरी तिथल्या घड्याळाने संध्याकाळी जेव आणि नऊच्या आधी आडवी होऊ नकोस. पोटाला वेळ कळली की झोपही तिच्यामागं येते.

डच माणूस दुपारी जेवत नाही, ब्रेड खातो. दोन स्लाईस, मध्ये चीज, सोबत ग्लासभर दूध, आणि पंधरा मिनिटांत परत कामावर. मोठमोठे मॅनेजर हेच खातात. गरम जेवण संध्याकाळी सहाला, आणि रात्री लवकरच गावातल्या पुष्कळशा हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद. आपल्याकडे साडेआठला कणीक तिंबायला घेतात. पहिले चार दिवस मी ह्याच वेळेत मार खाल्ला. कामावरून यायचो, आंघोळ करून नऊला बाहेर पडायचो आणि उघडं असायचं ते फक्त बटाट्याच्या चिप्सचं दुकान. मेयोनेजमध्ये बुडवलेल्या चिप्स.

2010 साली तर मी तिथं सलग असंच खाल्लं. तू तेव्हा शाळेत होतीस. क्लोरमेक्वाट ह्या वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधाच्या अंशापायी आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, कंटेनर बंदरात उभे, इकडून बागायतदारांचे फोन, तिकडून खरेदीदाराचे. जेवण म्हणजे चिप्स, कॉफी, पुन्हा कॉफी. आठव्या दिवशी आम्लपित्ताने छाती जळत होती आणि जीभ पांढरी पडली होती. त्याच दिवशी मी एक पॅलेट, म्हणजे लाकडी चौकटीवर रचलेली खोकी, "चव ठीक" म्हणून सही केली. सोबतच्या डच माणसाने दोन मणी तोंडात टाकले आणि नुसतं माझ्याकडं पाहिलं. मणी उतरलेले होते, आंबूस. मला कळलंच नव्हतं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगतोय, कारण तुलाही जिभेसाठीच पाठवताहेत. ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, रिफ्रॅक्टोमीटर सांगतो, मण्याचा आकार रिंग सांगते, पण द्राक्षं टिकायला खोक्यात घातलेल्या पॅडचा गंधक मण्यात उतरलाय का, साल जाड झालीय का, हे तोंडच सांगतं. एका कंटेनरमध्ये वीस-एक पॅलेट. प्रत्येकातून तीन-चार मणी रिकाम्या पोटी गिळलेस तर अकरापर्यंत पोट ढवळेल. चाव, चव घे, थुंक. लाज नको, तिथं सगळे थुंकतात. आणि सकाळी निघताना भाजणीचं थालीपीठ किंवा ओट्स, काहीतरी गरम पोटात घालूनच नीघ. कॉफी तपासणी झाल्यावर.

पहिल्या आठवड्यात खरेदीदार तुम्हाला संध्याकाळी बाहेर नेतील. बशीत सोनेरी, गोल, कुरकुरीत गोळे येतील, हुबेहूब बटाटेवड्यासारखे. ते बिटरबालन. आत बटाटा नसतो, गोमांसाचं दाट सारण असतं. आपल्याकडचे किती जण तिथं फसलेत, मोजदाद नाही. "इक एत गेन व्लेस, गेन व्हिस" हे दोन दिवस आरशासमोर म्हण. मी मांस खात नाही, मासे खात नाही. नुसतं "व्हेजिटेरिश" म्हटलंस तर अंडं आणि चीज येणारच. चीजबद्दल एक सांगून ठेवतो, मग तुझं तू ठरव. जुन्या पद्धतीच्या डच चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. वेष्टणावर त्याला "स्ट्रेम्सेल" म्हणतात. "मायक्रोबिएल" लिहिलं असेल तर ते जनावराचं नव्हे. "पिंडाकास" दिसलं तर मात्र बिचकू नकोस. शब्दशः शेंगदाण्याचं चीज, पण आत चीज नाही, नुसतं दाण्याचं कूट लोण्यासारखं वाटलेलं. एकादशीला उकडलेल्या बटाट्यासोबत चालतं, फक्त बाकी काय घातलंय ते वाचून घे.

घरचं आठवून रडू आलंच तर रॉटरडॅममध्ये सुरिनामी माणसाचं रोटीचं दुकान शोध. ते आपलेच लोक. 1873 पासून त्यांचे पूर्वज बिहार-उत्तर प्रदेशातून उसाच्या मळ्यांवर सुरिनामला नेले गेले, आणि 1975 च्या सुमारास सुरिनाम स्वतंत्र होताना त्यांची पुढची पिढी हॉलंडला आली. मोठी मऊ रोटी, बटाट्याचा रस्सा आणि चवळीच्या शेंगांची भाजी. शेंगांना ते "काउसेबांट" म्हणतात. बहुधा कोंबडी आणि अंडं सोबत येतं, तेव्हा आधीच "विनामांस" सांग. दुकानदार आजी असेल तर भोजपुरीचा एखादा शब्द कानावर पडेल. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या आजींनी मला विचारलं, "कहाँ के हो?" मी नाशिक म्हणालो. त्यांना नाशिक ठाऊक नव्हतं, गोदावरी मात्र ठाऊक होती. जास्तीची रोटी वाढली.

आणखी एक, दुकानात दुधाच्या शेजारी "कार्नेमेल्क" लिहिलेला डबा असेल. ते ताक आहे. दाट, थोडं आंबट, आपल्या घुसळलेल्या ताकाइतकं हलकं नाही, पण पाणी घालून पातळ केलं की जमतं. भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि काळं मीठ पुडीत बांधून ने.

तुझा,
काका

ता. क. अनारशांचं आईंना मी सांगतो. तू आज काही बोलू नकोस, तळून झालेले असतील तर दोन माझ्याकडं पाठव.