सोव्हिएत सिनेमे खरंच आवडतात का, की सगळे परीक्षेपुरते बघतात?

तुम्ही विचारलंय की फिल्मचा अभ्यास करणारे लोक रशियन सिनेमाचं एवढं कौतुक करतात ते मनापासून करतात की मार्कांसाठी, आणि तो सगळा सरकारी प्रपोगंडाच नसतो का. मी पुण्यात मास कम्युनिकेशनचं एम.ए. करतेय, वर्ल्ड सिनेमाच्या पेपरात आम्हाला सोव्हिएत काळ बऱ्यापैकी आहे, म्हणून माझ्यापुरतं सांगते. बरेचसे मार्कांसाठीच बघितले. काही तर दीडच्या स्पीडवर. पण चार सिनेमे असे निघाले की ते सिलॅबसमध्ये नसते तरी मी शोधून बघितले असते, आणि गंमत म्हणजे चारही दुसऱ्या महायुद्धावरचे आहेत, म्हणजे जिथे प्रपोगंडा सगळ्यात जास्त असायला हवा नेमके तिथलेच.

आधी ते मॉन्ताज प्रकरण (शॉट्स एकापुढे एक जोडून त्यातून अर्थ काढायची एडिटिंगची पद्धत) उरकते, कारण कुठलाही सिलॅबस तिथूनच सुरू होतो. लेनिनच्या सरकारने 1919 मध्ये सिनेमाचा धंदा सरकारजमा केला, त्याच वर्षी मॉस्कोत जगातलं पहिलं फिल्म स्कूल निघालं आणि पुढच्या दहा वर्षांत तिथल्या तरुण दिग्दर्शकांनी (पोरंच म्हणायची, जहाजावरच्या बंडाचा 'बॅटलशिप पोटेमकिन' केला तेव्हा त्याचा दिग्दर्शक आयझेनस्टाइन 27 वर्षांचा होता) एडिटिंग काय चीज आहे ते जगाला दाखवून दिलं. हे सगळं मान्य. पण 'पोटेमकिन' बघताना माझं असं झालं की ओदेसाच्या पायऱ्या, घरंगळणारी बाबागाडी, फुटलेला चष्मा हे सगळं आधीच पीपीटीत आणि दुसऱ्यांच्या सिनेमांत इतक्या वेळा बघून झालेलं होतं की प्रत्यक्षात सीन आला तेव्हा मी मनातल्या मनात फक्त टिकमार्क करत होते. त्यापेक्षा सुरुवातीचं ते सडलेलं मांस जास्त लक्षात राहिलं. जहाजावरचा डॉक्टर चष्म्याची घडी घालून भिंगासारखा धरतो, आपल्याला वळवळणाऱ्या अळ्या स्पष्ट दिसतायत, आणि साहेब म्हणतात काही नाही, मिठाच्या पाण्याने धुऊन घ्या.

'स्ट्राइक' पण आयझेनस्टाइनचाच, त्याच वर्षीचा, 1925 चा. त्याच्या शेवटी एकीकडे संपकरी कामगारांवर गोळ्या आणि दुसरीकडे कत्तलखान्यात बैलाची मान, आळीपाळीने. मी डोळे मिटून घेतले. आणि थोड्या वेळाने मला चीड आली, कामगारांना मारणाऱ्यांची नाही, दिग्दर्शकाची. मला काय वाटलं पाहिजे हे त्याने आधीच ठरवलंय आणि ते तो माझ्याकडून वसूल करून घेतोय असं वाटलं. तुमचा प्रपोगंडाचा मुद्दा इथे शंभर टक्के लागू आहे. तो माणूस जीनियस होता आणि हेच काम करत होता, दोन्ही खरं.

आता युद्धाचे सिनेमे. या युद्धात सोव्हिएत युनियनची साधारण 2 कोटी 70 लाख माणसं मेली असं धरतात, म्हणजे घरटी कोणीतरी गेलेलं असणार. आणि स्टालिनच्या काळात त्यावर सिनेमा कसला निघायचा, तर 1950 चा 'द फॉल ऑफ बर्लिन' बघा, किंवा नका बघू, शेवटची दहा मिनिटं पुरे. बर्लिन पडतं, विमान उतरतं, त्यातून पांढरा शुभ्र युनिफॉर्म घातलेला स्टालिन उतरतो आणि सगळ्या देशांची माणसं त्याचा जयजयकार करतात. असं काही घडलंच नव्हतं. आमच्या वर्गात हा सीन लावला तेव्हा लोक हसत होते. नंतर मला वाटलं की ज्यांच्या घरातली माणसं गेली होती त्यांना थिएटरात बसून हे बघावं लागलं असेल.

1953 मध्ये स्टालिन गेला, 1956 मध्ये नवा नेता ख्रुश्चेव्हने त्याच्याविरुद्ध भाषण केलं, जरा मोकळं वारं आलं, आणि 1957 मध्ये दिग्दर्शक कालातोझोव्हचा 'द क्रेन्स आर फ्लाइंग' आला. वेरोनिका आणि बोरिस मॉस्कोतले प्रेमी, तो स्वतःहून नाव नोंदवून फ्रंटवर जातो, ती वाट बघायला हवी. आपल्याकडच्या सिनेमात बघतेच ना, फोटोसमोर दिवा लावून. ही बघत नाही. म्हणजे आतून बघत असते, पण बोरिसच्या चुलत भावाशी लग्न करून बसते, तेही बॉम्बहल्ल्याच्या रात्री त्याने जबरदस्ती केल्यानंतर, आणि सिनेमा तिला शिक्षाही देत नाही आणि तिचं वकीलपत्रही घेत नाही. एक सीन आहे, ती हॉस्पिटलात जखमी सैनिकांची सेवा करतेय, एका सैनिकाला कळतं की त्याच्या होणाऱ्या बायकोने दुसरं लग्न केलं, तो वेड्यासारखा करायला लागतो, आणि बोरिसचे वडील, जे तिथे डॉक्टर आहेत, त्याला धीर द्यायला अख्ख्या वॉर्डसमोर बोलतात की असल्या बाईचं तोंड पण बघू नये. वेरोनिका तिथेच उभी आहे. ते तिला उद्देशून बोलत नाहीयेत आणि तरी प्रत्येक वाक्य तिलाच लागतंय, आणि आपण कुणाच्या बाजूने उभं राहायचं हे कोणी सांगत नाही. 'स्ट्राइक'मध्ये मला जे मिळालं नव्हतं ते हेच.

कॅमेऱ्याबद्दल थोडं बोलू दे, कारण त्याशिवाय राहवत नाही. कॅमेरामन सर्गेई उरुसेव्हस्की युद्धात फ्रंटवर शूटिंग करायचा आणि इथे ती सवय दिसते. बोरिसला निरोप द्यायला वेरोनिका बसमधून उतरते, गर्दीतून धावते, कॅमेरा तिच्याबरोबर बसमध्ये असतो, तिच्याबरोबर उतरतो, गर्दीत घुसतो आणि मग अचानक वर जातो आणि ती रणगाड्यांच्या रांगेतून रस्ता ओलांडताना दिसते. कट कुठे आहे ते मी रिवाइंड करून करून शोधलं. ती पोचते पण तो तिला दिसतच नाही, ती बिस्किटांचा पुडा गर्दीच्या वरून फेकते आणि तो लोकांच्या बुटांखाली चिरडला जातो. बोरिस मरतो तेव्हा बर्चची झाडं डोक्यावर गरगर फिरतात आणि त्यातच त्याला स्वतःचं लग्न दिसतं, जे होणार नाहीये. पुढच्या वर्षी, 1958 ला, कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये याला पाम दोर, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं. कालातोझोव्ह-उरुसेव्हस्की जोडीचा नंतरचा 'आय अॅम क्यूबा' कॅमेऱ्याच्या करामतींत याच्यापेक्षा भारी आहे पण मला तो कोरडा वाटला.

'बॅलड ऑफ अ सोल्जर' (1959) त्यामानाने साधा आहे. 19 वर्षांचा अल्योशा घाबरून पळता पळता दोन रणगाडे उडवतो, जनरल मेडल देतो म्हणतो, हा म्हणतो मेडल नको, आईच्या घराचं छप्पर गळतंय ते दुरुस्त करायला सुट्टी द्या. सहा दिवस मिळतात, जायला दोन, यायला दोन, छपराला दोन, आणि वाटेत लोकांना मदत करता करता तो सगळे दिवस घालवून बसतो. तो परत येणार नाही हे सिनेमा सुरुवातीलाच सांगून टाकतो, त्यामुळे ट्रेन चुकली की आपलाच जीव वरखाली होतो. एक सैनिक त्याच्याबरोबर बायकोसाठी साबणाच्या दोन वड्या पाठवतो. अल्योशा घरी पोचतो तर तिथे दुसराच पुरुष. वड्या देऊन बाहेर पडतो आणि जिन्यातून परत वर जाऊन त्या काढून घेतो! मग शोधत जाऊन त्या सैनिकाच्या म्हाताऱ्या वडिलांना देतो. दिग्दर्शक चुखराय स्वतः स्टालिनग्राडला लढलेला होता, दोन वड्या साबणाची किंमत त्याला माहीत असणार.

तिसरा दिग्दर्शिका लारिसा शेपित्कोचा 'द असेंट', 1977. यात जर्मन सैनिक म्हणजे जवळपास मागचा पडदा आहे, खरी लढाई दोन सोव्हिएत माणसांमध्ये. बेलारूसमधला बर्फ, दोन पार्टिझान (जर्मनांविरुद्ध लपून लढणारे) जेवण शोधायला निघालेत, एक आजारी खोकणारा सोत्निकोव्ह, एक धट्टाकट्टा, व्यवहारी रिबाक. रिबाक जखमी मित्राला बर्फातून ओढत आणतो, सोडून पळत नाही, म्हणजे माणूस वाईट अजिबात नाही. पकडले जातात. सोत्निकोव्ह काही बोलत नाही आणि फाशी जातो. रिबाक म्हणतो आत्ता जीव वाचवू, जर्मनांच्या पोलिसात भरती होऊ, संधी मिळाली की पळू. किती लॉजिकल आहे ना? मी पण हेच केलं असतं, असा विचार करत असतानाच सिनेमा त्याला अशा जागी आणून उभा करतो की दार उघडं आहे, समोर रस्ता आहे आणि त्याला जायला जागाच उरलेली नाही. तो बेल्टने गळफास घ्यायला बघतो, तेही जमत नाही. बर्लिन फेस्टिव्हलचं सगळ्यात मोठं बक्षीस गोल्डन बेअर मिळालेला हा सिनेमा आमच्या यादीत 'पूरक' म्हणून होता, ही मात्र कमाल आहे. शेपित्को दोन वर्षांनी कार अपघातात गेली, 41 वर्षांची होती.

तिचा नवरा एलेम क्लिमोव्ह, त्याचा 'कम अँड सी' 1985 चा. याबद्दल नेटवर भरपूर लिहिलेलं सापडेल, खऱ्या गोळ्या वापरल्या वगैरे, म्हणून मी एकच सांगते. फ्ल्योरा नावाचा पोरगा गावात परत येतो, घरात कोणी नाही, चुलीत सूप अजून कोमट, माश्या घोंघावतायत. तो म्हणतो सगळे बेटावर लपलेत आणि पळत सुटतो. बरोबरची मुलगी पळता पळता एकदाच मागे वळून बघते आणि घराच्या भिंतीला लागून रचलेली प्रेतं तिला दिसतात, आपल्याला दिसतात, त्याला नाही. सेकंदभराचा शॉट असेल. त्यानंतर पोटात गोळा येतो तो शेवटपर्यंत. शेवटी पडद्यावर येतं की बेलारूसमधली 628 गावं माणसांसकट जाळली गेली.

तर प्रपोगंडा आहे का? पैसा सरकारचा होता, चारही सिनेमांत शत्रू कोण यावर कसलीही शंका नाही, आणि 'कम अँड सी' तर विजयाच्या चाळिसाव्या वर्षासाठी म्हणून पुढे आला. पण त्याच सरकारने ती स्क्रिप्ट आधी सातेक वर्षं अडवून धरली होती, आणि दिग्दर्शक तारकोव्स्कीचा 'आंद्रेई रुब्ल्योव्ह' 1966 मध्ये तयार असून देशात 1971 ला लागला. म्हणजे पैसे देणाऱ्याला पण माहीत होतं की हे आपलं ऐकणारं प्रकरण नाही. माझी अडचण वेगळी आहे. 2022 नंतर रशियन सरकार याच महायुद्धाच्या आठवणी युक्रेनविरुद्धच्या नव्या युद्धासाठी वापरतंय, आणि शेपित्कोचा जन्म ज्या गावचा ते युक्रेनमधलं बाखमुत आहे, जे या युद्धात जवळपास जमीनदोस्त झालं. हे कळल्यावर 'द असेंट' परत लावला तर बर्फातलं ते गाव नुसतं 1942 चं वाटेना. शिवाय आपण सरसकट 'रशियन सिनेमा' म्हणतो त्यात ओदेसा युक्रेनचं, दिग्दर्शकांपैकी दोव्झेन्को युक्रेनियन, कालातोझोव्ह जॉर्जियाचा, पाराजानोव्ह आर्मेनियन, आणि जळालेली गावं बेलारूसची. पेपरात हे लिहायला प्रश्नच येत नाही.

बघायचेच असतील तर यातले बरेचसे मॉसफिल्म या मॉस्कोच्या स्टुडिओच्या यूट्यूब चॅनलवर फुकट आहेत, इंग्लिश सबटायटल्ससकट. 'क्रेन्स'पासून सुरू करा, दीड तासाचा आहे. 'पोटेमकिन' नंतर बघितला तरी चालतो. तारकोव्स्कीचा पहिला 'इव्हान्स चाइल्डहूड' (1962) बघा, त्याचाच 'स्टॉकर' दमून आलेल्या दिवशी लावू नका, मला तो आवडतो पण दुसऱ्या खेपेला आवडला. 'कम अँड सी' रात्री एकट्याने नको आणि जेवताना तर नकोच, आणि तो झाला की दुसऱ्या दिवशी गैदाईचा 'द डायमंड आर्म' लावा, स्मगलर लोक चुकून एका साध्या माणसाच्या प्लास्टर केलेल्या हातात दागिने लपवतात अशी 1969 ची कॉमेडी आहे, सिलॅबसमध्ये कुठेच नाही, आमच्या हॉस्टेलवर सगळ्यात जास्त तीच चालली.