कुलकुल तेलात का उलगडतात?

प्रश्न : चार आणि सात वर्षांच्या नातवंडांसोबत दर नाताळाला कुलकुल (जेवणाच्या काट्यावर गुंडाळून तळलेला मैद्याचा गोड खाऊ) करायचे ठरवलंय. गेल्या वर्षी निम्मे तेलात उलगडले, उरलेले दगडासारखे झाले. शिवाय केकची फळं रमऐवजी कशात भिजवू? – एक आजी, बोरिवली

उत्तर : उलगडतात ते बहुधा कड सुकल्यामुळे. मुलांचे हात सावकाश चालतात, तोवर पंख्याखाली पीठ कोरडं पडतं. पंखा बंद ठेवा, गोळा ओल्या फडक्याखाली झाका आणि एका वेळी लिंबाएवढंच पीठ बाहेर काढा. काट्याला पिठी लावू नका, कड चिकटत नाही. तुपाचं बोट फिरवा.

पाव किलो मैदा, दोन टेबलस्पून बारीक रवा, तीन टेबलस्पून पिठीसाखर, चिमूटभर मीठ. त्यावर दोन टेबलस्पून कडकडीत तुपाचं मोहन घालून चोळा. पिठाची मूठ वळली पाहिजे. वळली नाही तर मोहन कमी आहे, आणि कुलकुल कडक होण्याचं पहिलं कारण तेच. मग साधारण अर्धी वाटी नारळाचं दूध, लागेल तसंच घालून घट्ट भिजवा आणि अर्धा तास झाकून ठेवा.

धाकट्याकडे सुपारीपेक्षा लहान गोळ्या करायचं काम द्या. मोठ्याने गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने पातळ दाबून, गुंडाळून, शेवटची कड नीट दाबायची. जाड राहिली की बाहेरून लाल, आतून कच्ची. लहान मूल अर्ध्या तासात कंटाळतं, तेव्हा त्याच दिवशी केकचा घाट घालू नका.

तळण मात्र तुमचंच, मुलं स्वयंपाकघराबाहेर. मध्यम-मंद आचेवर, बेताने घालून, सोनेरी होईपर्यंत तळा. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद केलात तर वाफ धरून मऊ पडतात. पाकात घोळवण्याची गरज नाही. गरम पाक कातडीला चिकटतो, म्हणून मुलं आसपास असताना तर नकोच.

फळांना संत्र्याचा रस चालतो, पण तो रमसारखा टिकवत नाही. मुंबईच्या हवेत बाहेर ठेवलात तर आंबेल. पाव किलो सुक्या फळांना पाऊण वाटी रस घालून पाच मिनिटं उकळा, गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत वापरा. आधी निथळून चमचाभर मैद्यात घोळवा, नाहीतर तळाशी बसतात. काजू-बदाम अगदी बारीक चिरा. चार वर्षांच्या मुलाच्या घशात अख्खा दाणा अडकू शकतो.