डॉकिंगमध्ये सर्वांत चांगला स्कोअर आलेला रेणूच सर्वांत प्रभावी औषध ठरतो का?

नाही, डॉकिंगचा (संगणकावर रेणू प्रथिनात बसवून पाहण्याच्या गणनेचा) स्कोअर हा रेणू प्रथिनाच्या खाचेत कितपत बसेल याचा ढोबळ अंदाज असतो, त्यामुळे -९.२ आणि -८.७ किलोकॅलरी प्रति मोल (आकडा जितका जास्त ऋण तितका स्कोअर चांगला) एवढ्या फरकावरून दोन रेणूंमध्ये डावे-उजवे ठरवू नये. याचे कारण गणनेच्या पद्धतीतच आहे: ऑटोडॉक व्हिनासारख्या प्रोग्रॅममध्ये प्रथिन बहुधा ताठर धरले जाते, पाण्याचे रेणू आधीच काढून टाकलेले असतात आणि मोठ्या रेणूला निव्वळ जास्त अणूंमुळे चांगला स्कोअर मिळण्याचा कल असतो. पाण्याचे महत्त्व एचआयव्ही विषाणूच्या प्रोटिएज या प्रथिनाच्या स्फटिकरचनांत (स्फटिकावरून मिळालेल्या त्रिमितीय रचनांत) स्पष्ट दिसते. तिथे पाण्याचा एकच रेणू प्रथिनाच्या दोन्ही साखळ्यांतील ५० क्रमांकाच्या आयसोल्युसिन या अमिनो आम्लाला आणि अनेक औषधांना हायड्रोजन बंधांनी जोडून ठेवतो. तो सरसकट पुसून टाकला, तर हे बंध गणनेत येतच नाहीत. शिवाय सामान्य तापमानाला सुमारे १.४ किलोकॅलरी प्रति मोल एवढ्या फरकाने बंधनक्षमता (रेणू प्रथिनाला किती घट्ट धरून राहतो ते) दहापट बदलते, म्हणजे लहानशी चूकही निष्कर्ष उलटवू शकते. म्हणून स्फटिकरचनेत प्रथिनाला आधीच बांधलेला मूळ रेणू प्रथम पुन्हा डॉक करून पाहावा. त्याची स्थिती मूळ स्थितीशी साधारण २ अँगस्ट्रॉमच्या (अणूंच्या पातळीवरील अंतराचे एकक) आत जुळली नाही, तर पुढील आकड्यांवर विसंबू नये. मात्र लाखो रेणूंमधून तपासण्याजोगे काही शे निवडायचे असतील, तर हाच स्कोअर चाळणी म्हणून खरोखर उपयोगी पडतो. निवडलेल्या रेणूंची प्रत्यक्ष बंधनक्षमता मात्र प्रयोगशाळेतच मोजावी लागते.